चव्वेचाळीस कोर की आठ? जिनिंगमधल्या एका सर्व्हर खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाबाहेर, रस्त्याला लागून एका शेतकरी उत्पादक कंपनीचे जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना, आहे. २४ डबल रोलर जिन, एक प्रेस आणि फाटकाजवळ ६० टनी वजनकाटा. दिवाळीनंतर आवक वाढते, डिसेंबर-जानेवारीत एखाद्या दिवशी सव्वाशे गाड्या लागतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटॅडोर आणि जवळच्या गावांतल्या बैलबंड्याही.

प्रत्येक गाडीचा प्रवास ठरलेला. फाटकावर नोंद, भरल्या गाडीचे वजन, ग्रेडरकडून ओलाव्याची आणि प्रतीची तपासणी, कापूस गंजीवर खाली, रिकाम्या गाडीचे वजन, मग काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती. त्यावरून हिशेबपट्टी आणि शेवटी बँकेच्या यादीत नाव. या साखळीत ११ संगणक एकाच डेटाबेसशी बोलतात. दोन्ही वजनांच्या वेळी गाडीचा एकेक फोटो निघतो आणि तोही डेटाबेसमध्येच जातो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

खरेदीचे सॉफ्टवेअर एका स्थानिक प्रोग्रामरने लिहिलेले, खाली डेटाबेस सांभाळायला एसक्यूएल सर्व्हर या सॉफ्टवेअरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती. २०२३ पर्यंत हे सगळे एका साध्या डेस्कटॉपवर चालत होते. इंटेल कोअर आय५-४५७० प्रोसेसर, चार कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), ८ जीबी मेमरी, फिरत्या चकतीची हार्ड डिस्क. हा प्रोसेसर २०१३ चा.

अडचण

२०२२-२३ च्या हंगामात संध्याकाळी पाच ते सातच्या गर्दीत ‘जतन करा’ दाबल्यापासून प्रिंटर हलेपर्यंत ११ ते १४ सेकंद जाऊ लागले. त्याच वेळी लेखा विभागात कुणी वर्षाचा खातेउतारा काढायला घेतला की काट्यावरची खिडकी पांढरी पडायची. ऑपरेटर बटण पुन्हा दाबायचा आणि एका गाडीच्या दोन पट्ट्या निघायच्या. त्या हंगामात अशा दुबार पट्ट्या हाताने रद्द कराव्या लागल्या. पैशाचा व्यवहार असल्याने प्रत्येक रद्द पट्टीवर ग्रेडर आणि मॅनेजर दोघांची सही घ्यावी लागे, म्हणजे पुन्हा खोळंबा.

सप्टेंबर २०२३ मध्ये संचालक मंडळाने ‘आता खरा सर्व्हर घ्या’ असा ठराव केला. ‘खरा सर्व्हर’ म्हणजे काय, हे ठरावात कुठेच नव्हते.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय नागपूरच्या एका जुन्या-यंत्र विक्रेत्याचा. रॅकमध्ये बसणारा २यू सर्व्हर, त्यात दोन इंटेल झिऑन ई५-२६९९ व्ही४, १२८ जीबी ईसीसी (स्वतःची चूक दुरुस्त करणारी) मेमरी, सहा एसएएस डिस्क, दोन पॉवर सप्लाय. किंमत १ लाख ३५ हजार. हा प्रोसेसर म्हणजे भंगार नव्हे. २०१६ साली तो बाजारात आला तेव्हा आपल्या मालिकेत सगळ्यांच्या वरचा होता, इंटेलच्या यादीत एका नगाची किंमत ४ हजार डॉलरच्या वर. एका प्रोसेसरमध्ये २२ कोर आणि ४४ थ्रेड (एका वेळी चालणारी कामे), म्हणजे दोन मिळून ४४ कोर आणि ८८ थ्रेड. संचालकांपुढे हा आकडा वाचला गेला तेव्हा बैठक जवळपास तिथेच संपली होती.

दुसरा पर्याय नवीन डेस्कटॉप जोडून घेण्याचा. एएमडी रायझेन ७ ७७००, ८ कोर, १६ थ्रेड. जानेवारी २०२३ मध्ये आलेला, दुकानात सहज मिळणारा. खर्चाचा अंदाज यूपीएससकट सव्वा लाखाच्या आत.

तिसरा पर्याय नामांकित कंपनीचा नवा छोटा टॉवर सर्व्हर, चार कोरांच्या झिऑन ई-२३१४ सह. कागदावर हाच सर्वांत शहाणा पर्याय होता. ईसीसी मेमरी, जागेवर येऊन दुरुस्तीची हमी, प्रोसेसरचा वेगही बरा (कमाल ४.५ गिगाहर्ट्झ). पण कोटेशन दोन लाखांच्या पुढे गेले आणि माल यायला सहा आठवडे सांगितले. दसरा त्याआधीच होता.

चौथा, सगळे क्लाउडवर नेण्याचा. गावातली फायबर लाइन रस्त्याच्या कामात जेसीबीने दोनदा तोडलेली. फाटकावर गाड्या उभ्या असताना इंटरनेटवर विसंबणे कुणालाच पटले नाही.

खरी लढत पहिल्या दोघांत राहिली.

आकडे शेजारी ठेवले तर

झिऑन ई५-२६९९ व्ही४ चा मूळ वेग २.२ गिगाहर्ट्झ. एखाद-दुसऱ्या कोरवर काम असेल तर तो ३.६ पर्यंत चढतो, सगळे कोर राबत असतील तर साधारण २.८ वर थांबतो. रायझेन ७ ७७०० चा मूळ वेग ३.८, कमाल ५.३. शिवाय गिगाहर्ट्झ सारखे असले तरी काम सारखे होत नाही. रायझेनमधला झेन ४ कोर हा ब्रॉडवेल पिढीच्या झिऑन कोरापेक्षा एका ठोक्यात जास्त सूचना उरकतो. दोन्ही फरक एकमेकांवर चढले की एका कोरचे काम दुपटीच्या आसपास जाते.

आता उलट बाजू. झिऑनच्या एका सॉकेटला (प्रोसेसर बसवायच्या जागेला) मेमरीच्या चार वाहिन्या आणि डिस्कसारखे भाग जोडायला ४० पीसीआय एक्सप्रेस मार्गिका, रायझेनला दोन वाहिन्या आणि वापरण्याजोग्या २४ मार्गिका. झिऑनला दीड टीबीपर्यंत मेमरी लावता येते, रायझेनला १२८ जीबी. इथे सर्व्हर सरळ पुढे दिसतो. पण मेमरीचा हिशेब मांडला तर गंमत होते. चार वाहिन्या डीडीआर४-२४०० म्हणजे सेकंदाला ७६.८ जीबी, आणि दोन वाहिन्या डीडीआर५-४८०० म्हणजेही बरोबर ७६.८ जीबी. सात वर्षांत डेस्कटॉपच्या दोन मेमरी पट्ट्यांनी सर्व्हरच्या चार मेमरी पट्ट्या गाठल्या होत्या.

वीज: झिऑन प्रत्येकी १४५ वॅटचा, दोन मिळून २९०. रायझेन ६५ वॅटचा, प्रत्यक्षात मदरबोर्ड त्याला ८८ वॅटपर्यंत घेऊ देतो.

एका संचालकांनी विचारलेला प्रश्न मुद्द्याचा होता. जुना नको, मग आजचा सगळ्यात भारी सर्व्हर प्रोसेसर घेतला तर? नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला एएमडी एपिक ९६५४ घ्या. ९६ कोर, मेमरीच्या १२ वाहिन्या, ३६० वॅट. त्यातला कोर हा रायझेन ७ ७७०० मधल्याच झेन ४ घराण्यातला. पण ९६ जणांना एकाच वीज मर्यादेत बसवायचे म्हणून त्याचा कमाल वेग ३.७ गिगाहर्ट्झ. एकच काटापट्टी, एकाच कोरवर बनवायची असेल तर तोही या डेस्कटॉपच्या मागे राहील. तो शंभर जणांची शंभर कामे एका वेळी ओढण्यासाठी बनवला आहे. एका माणसाचे एक काम लवकर संपवणे हे त्याचे काम नव्हे.

पहिला निर्णायक टप्पा: सॉफ्टवेअर किती कोर वापरते?

हा प्रश्न कोटेशन मागवण्याआधी विचारायला हवा होता, विचारला गेला तीन आठवड्यांनी. उत्तर प्रोग्रामरकडून एका फोनवर मिळाले.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस एक सॉकेट किंवा चार कोर, यातले जे कमी असेल तेवढेच वापरते. डेटा जपून ठेवायला ती जास्तीत जास्त १,४१० एमबी मेमरी घेते. तेव्हाच्या आवृत्तीत एका डेटाबेसचा आकार १० जीबीच्या पुढे जाऊ शकत नव्हता. म्हणजे ४४ पैकी ४० कोर आणि १२८ पैकी सव्वाशेच्या आसपास जीबी या कामासाठी नुसते शोभेला. दुसरा प्रोसेसर तर पूर्णच.

पैसे देऊन वरची आवृत्ती घेता येते, पण तिचे परवाने कोरच्या हिशेबाने घेतले तर कोर जितके जास्त तितका खर्च जास्त. विंडोज सर्व्हरचेही तसेच. त्याचा परवाना कोरवर मोजतात, एका यंत्राला किमान १६ कोरांचा घ्यावाच लागतो. ८ कोरांच्या यंत्राला १६ चा पुरतो, ४४ कोरांच्या यंत्राला ४४ चा. विक्रेता म्हणत होता, ‘विंडोज टाकून, ॲक्टिव्हेट करून देतो.’ परवान्याचा कागद मागितल्यावर तो विषय मागे पडला. लेखापरीक्षण होणाऱ्या कंपनीसाठी हा एकच मुद्दा पुरेसा असायला हवा होता.

दुसरा टप्पा: तोंडी वादापेक्षा चाचणी

विक्रेत्याने सर्व्हर चार दिवस वापरून पाहायला दिला, ही त्याची बाजू चांगली. रायझेनचे एक यंत्र तालुक्यातल्या दुकानदाराने जोडून आणले. आधीच्या तीन हंगामांच्या ३१ हजार पट्ट्यांचा डेटाबेस, आकार ६.८ जीबी, त्याची प्रत दोन्हींवर चढवली. जुन्या डेस्कटॉपला तुलनेसाठी साधी साटा एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) लावली, कारण डिस्कचा दोष प्रोसेसरच्या माथी मारायचा नव्हता. झिऑनवरही एसएएस डिस्क बाजूला काढून कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) एसएसडी बसवली.

मोजायच्या गोष्टी तीनच ठेवल्या. पहिली, दहा संगणकांवरून एकदम नोंदी चालू असताना एक काटापट्टी जतन होऊन प्रिंटरला आदेश जाईपर्यंतचा वेळ. दुसरी, वर्षाचा खातेउतारा. तिसरी, ६० जीबी फाइलींचा बॅकअप दाबून एका फाइलमध्ये करणे, कारण हे काम सगळे कोर वापरते आणि सर्व्हरलाही आपला हात दाखवायची संधी मिळायला हवी.

झिऑनवर पहिल्या दिवशी काटापट्टीला सहा सेकंद लागले. हे संशयास्पद होते. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज बचतीचा पर्याय चालू होता आणि विंडोजची योजना ‘बॅलन्स्ड’ होती, त्यामुळे छोट्या कामासाठी कोर वर चढेपर्यंत काम संपून जायचे. दोन्ही ‘हाय परफॉर्मन्स’वर नेल्यावर वेळ पावणेपाच सेकंदांवर आला. जुन्या सर्व्हरची चाचणी घेताना ही पायरी गाळली तर निकाल त्याच्यावर अन्याय करणारा येतो.

शेवटचे आकडे असे आले. काटापट्टी: जुना आय५ हार्ड डिस्कसह १३ सेकंद, तोच एसएसडीसह साडेपाच, दोन झिऑन पावणेपाच, रायझेन दोन. खातेउतारा: आय५ एसएसडीसह ४ मिनिटे १० सेकंद, झिऑन ४ मिनिटे, रायझेन १ मिनिट ५० सेकंद. फाइलींचा बॅकअप: झिऑन ७ मिनिटे, रायझेन ९.

बॅकअपमध्ये सर्व्हर जिंकला. बाकी दोन्ही कामांत ४४ कोरांचा सर्व्हर दहा वर्षे जुन्या डेस्कटॉपच्या जेमतेम पुढे होता. कारण सरळ आहे. एकाच कोरवर दोघेही ३.६ गिगाहर्ट्झला पोचतात आणि आय५ ची हॅसवेल व झिऑनची ब्रॉडवेल या लागोपाठच्या पिढ्या, त्यांच्या कोरमध्ये फरक थोडाच.

काट्यावरच्या ऑपरेटरने निकाल पाहून एवढेच म्हटले, “साहेब, ते कोर-बिर राहू द्या बाजूले. पट्टी दोन सेकंदात निघते ना, मग तेच घ्या ना भाऊ.”

पण एसएसडीचा आकडा पुन्हा पाहावा. १३ वरून साडेपाच! तीन-चार हजारांच्या सुट्या भागाने अर्ध्याहून जास्त दुखणे गेले होते. मागच्या हंगामात ‘प्रोसेसर कमी पडतो’ असे सगळे म्हणत होते, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसरचा ३० च्या आसपास असायचा. कुणी पाहिला नव्हता.

तिसरा टप्पा: खोली, वीज आणि रुई

जिनिंगच्या कार्यालयात हवेत रुईचे बारीक तंतू सतत तरंगतात. २यू सर्व्हरमध्ये छोटे, वेगवान पंखे रांगेने असतात आणि ते समोरून हवा ओढून मागे फेकतात. चार दिवसांच्या चाचणीतच समोरच्या जाळीवर बोटाने सोलून निघेल असा पांढरा थर बसला. त्यात विदर्भातल्या कार्यालयात कूलर असतोच. कूलरची ओलसर हवा आणि रुई एकत्र आली की हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या) पात्यांत नमदा जमतो, तो फुंकून निघत नाही, चिमट्याने ओढावा लागतो. बऱ्याच सर्व्हरसाठी खोलीचे तापमान ३५ अंशांच्या आत हवे असे उत्पादक सांगतात. एप्रिलमध्ये इथे बाहेर ४२-४३ असते, आणि सर्व्हरसाठी वेगळी एसी खोली नव्हती.

प्लगमध्ये लावायच्या मीटरवर झिऑनचा सर्व्हर काही काम नसताना १८५ वॅट आणि पूर्ण भारावर ४१० वॅट ओढत होता. रायझेनचे यंत्र ४८ आणि १३०. रिकामे असतानाचा फरक १३७ वॅट, म्हणजे चोवीस तास चालू ठेवले तर महिन्याला जवळपास ९९ युनिट. त्याहून मोठा मुद्दा वीज जाण्याचा. सर्व्हर बंद पडून पुन्हा उभा राहायला चार मिनिटे घ्यायचा, कारण मेमरी आणि डिस्क-कंट्रोलर एकेक करून तपासतो. दिवसातून दोन-तीनदा लाइट जाणाऱ्या ठिकाणी हे परवडत नाही. पंख्यांचा आवाज हा किरकोळ मुद्दा वाटेल, पण लेखा विभाग त्याच खोलीत बसतो.

मग सर्व्हरच्या बाजूने काहीच नव्हते का? होते, आणि ते कोरमध्ये नव्हते. एक पॉवर सप्लाय गेला तर दुसऱ्यावर चालत राहणे, चालू यंत्रातून डिस्क काढता येणे, मेमरीतली चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी, कीबोर्ड-पडदा न लावता दुरून यंत्र चालू-बंद करता येणे. पैशांच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्राला यातले बरेच काही हवे असते. मंडळाने कोर मोजले, हे मोजले नाही. चर्चा योग्य दिशेने वळली ती ‘४४ की ८’ हा प्रश्न सुटून ‘बंद पडले तर किती वेळ गाड्या उभ्या राहतील’ हा प्रश्न आल्यावर.

काय घेतले, कसे जोडले

ठरले ते असे: रायझेन ७ ७७००, पण साधी डेस्कटॉप जुळणी नव्हे. प्रोसेसर २९,५००, सोबत कूलिंग पंखा पेटीतच. बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड १७ हजार, ज्याच्या माहितीपत्रकात ईसीसी मेमरी चालते असे स्पष्ट लिहिलेले. १६ जीबीच्या दोन डीडीआर५-४८०० ईसीसी पट्ट्या १४ हजार. एक टीबीच्या दोन एनव्हीएमई (अधिक वेगवान एसएसडी) १२ हजार, विंडोजसाठी वेगळी छोटी एसएसडी अडीच हजार. पॉवर सप्लाय ५ हजार, जाळीचे फिल्टर असलेली कॅबिनेट ४ हजार. विंडोज ११ प्रोचा रीतसर परवाना १२ हजार. १ केव्हीए ऑनलाइन यूपीएस १८ हजार. एकूण १ लाख १४ हजार.

ईसीसी मेमरीवर आठ दिवस गेले. दुकानदार सांगत राहिला की ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच.’ हे अर्धसत्य आहे. प्रत्येक डीडीआर५ चिपच्या पोटात स्वतःपुरती दुरुस्ती असते, पण चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ती पकडत नाही. खऱ्या ईसीसी पट्टीवर त्यासाठी जादा चिप असतात. पट्टी हातात घेऊन साध्या पट्टीशी ताडून पाहिली की फरक दिसतो. सर्व्हरमधल्या रजिस्टर्ड पट्ट्या इथे चालत नाहीत, अनबफर्ड ईसीसीच लागते. ती अखेर मुंबईहून आली. बसवल्यावर विंडोजच्या कमांड खिडकीतून मेमरी दुरुस्तीचा प्रकार विचारून पाहिला. ३ आला तर दुरुस्ती नाही, ५ किंवा ६ आला तर आहे. आला ६.

चार पट्ट्या न घालता दोनच घातल्या, तेही मुद्दाम. या मंचावर चार पट्ट्या बसवल्या की अधिकृत वेग ३६०० वर उतरतो.

पहिल्यांदा यंत्र सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला आणि दुकानातल्या मुलाने दोनदा बटण दाबून ते बंद केले. डीडीआर५ चे यंत्र पहिल्या वेळी मेमरीचा ताळमेळ लावायला काही मिनिटे घेते. हात न लावता थांबले की चालू होते. तिसऱ्यांदा थांबले, चालू झाले.

ऑनलाइन यूपीएस हा या यादीतला सर्वांत कमी चर्चेचा आणि सर्वांत उपयोगी भाग. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, आणि आजचे काही पॉवर सप्लाय ती पाहून ऐन वेळी बसतात.

दोन एनव्हीएमई एकमेकींचा आरसा करून, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील असे करून, त्यावर डेटाबेस ठेवला. एक्सप्रेस आवृत्तीत वेळापत्रकाने काम करणारा एजंट नसतो, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून दर तासाला बॅकअप लावला. तो बॅकअप जुन्या आय५ वर जाऊन पडतो. आय५ फेकला नाही. एसएसडीसह तोच राखीव सर्व्हर झाला, त्यावर एसक्यूएलची तीच आवृत्ती चढवली, कारण नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर उघडत नाही.

हंगामात काय झाले

गर्दीच्या वेळी काटापट्टी दोन ते तीन सेकंदांत जतन होऊ लागली. दुबार पट्ट्या जवळपास थांबल्या. मात्र त्यात प्रोसेसरइतकेच श्रेय एका छोट्या बदलाचे आहे. प्रोग्रामरने ‘जतन करा’ दाबल्यावर ते बटण काम संपेपर्यंत निष्क्रिय करून ठेवले.

गाड्यांची रांग मात्र अपेक्षेएवढी कमी झाली नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला तीन प्रतींची पट्टी छापायला नऊ सेकंद लागतात, गाडी काट्यावर चढून वजन स्थिर व्हायला आणि उतरायला त्याहून कितीतरी जास्त. ११ सेकंद वाचले ते खरे, पण एका गाडीच्या एकूण वेळेत ते थोडेच.

जानेवारीच्या मध्यात यंत्र पुन्हा मंद वाटू लागले. प्रोसेसरचे तापमान पाहिले तर ९३ अंश. या प्रोसेसरची मर्यादा ९५, तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. कॅबिनेटच्या फिल्टरवर रुई होतीच, पण खरा थर पंख्याखाली हीटसिंकच्या पात्यांत, कूलरच्या ओलाव्याने घट्ट झालेला. तो काढल्यावर तापमान ६८ वर आले. मग दोन गोष्टी केल्या. दर रविवारी प्रेस बंद असताना, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारायचा. आणि बायोसमध्ये प्रोसेसरची वीज मर्यादा ८८ वरून ६५ वॅटवर आणली. काटापट्टीच्या वेळेत काही फरक पडला नाही, एका कोरच्या कामाला तेवढी वीज लागतच नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी पॉवर सप्लाय बसला. आवारात २३ गाड्या होत्या. राखीव आय५ वर तासाभरापूर्वीचा बॅकअप होता, तो चढवायला १२ मिनिटे लागली. पण ११ संगणकांच्या सेटिंगमध्ये मुख्य यंत्राचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) थेट लिहिलेला होता. प्रत्येकावर जाऊन तो बदलण्यात आणखी २३ मिनिटे गेली. एकूण ३५ मिनिटे पावती पुस्तकावर हाताने पट्ट्या लिहिल्या आणि शेवटच्या बॅकअपनंतरच्या नोंदी संध्याकाळी कार्बन प्रतींवरून पुन्हा भरल्या. दोन पॉवर सप्लायचा तो झिऑन सर्व्हर इथे थांबलाच नसता. हे मान्य करायला हवे.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी एसएसडी. सप्टेंबरात तीच बसवून एक महिना पाहिले असते तर हंगाम साडेपाच सेकंदांवर निघाला असता आणि घाईचे ओझे गेले असते. मग तिसरा पर्याय, तो छोटा टॉवर सर्व्हर, सहा आठवडे थांबून घेणे शक्य होते. त्याचा एक कोर या झिऑनपेक्षा वेगवान आहे, ईसीसी मेमरी शोधत फिरावे लागले नसते, आणि जागेवरच्या दुरुस्तीची हमी मिळाली असती. पैसे जास्त गेले असते. हा सौदा चुकला की नाही, यावर मंडळात अजून एकमत नाही.

सुटा पॉवर सप्लाय कपाटात ठेवायला हवा होता. आता ठेवला आहे. संगणकांनी आयपी पत्त्याऐवजी एका नावाने सर्व्हर शोधावा असे करून घेतले, म्हणजे बदल एकाच ठिकाणी करायचा. राखीव यंत्रावर जाण्याचा सराव हंगामाआधी एकदाही केला नव्हता. केला असता तर आयपीची अडचण ऑक्टोबरातच कळली असती.

यंत्र लेखा विभागातून काढून काट्यापासून दूरच्या, कूलर नसलेल्या कोपऱ्यात हलवायला हवे होते. त्यासाठी फक्त ३० मीटर केबल लागणार होती.

जुना मोठा सर्व्हर घेणे इतरांसाठीही चूक ठरेल असे नाही. एकाच यंत्रावर दहा-पंधरा आभासी यंत्रे चालवायची असतील, दोन-अडीचशे जीबी मेमरी लागत असेल, किंवा ड्रोनने काढलेल्या शेकडो फोटोंतून संत्र्याच्या बागांचे नकाशे जोडायचे असतील, तर २६९९ व्ही४ ची जोडी आजही पैसा वसूल करते. त्यासाठी धूळ नसलेली थंड खोली आणि परवान्यांचा वेगळा हिशेब हवा. या जिनिंगकडे दोन्ही नव्हते.

एक गोष्ट अजून बाकी आहे. हंगाम सुरू होताना डेटाबेस ६.८ जीबी होता, मार्चअखेर ८.९ झाला. वाढ जवळपास सगळी गाड्यांच्या फोटोंची. याच गतीने पुढच्या जानेवारीत, ऐन आवकीत, १० जीबीची मर्यादा लागेल आणि एक्सप्रेस नव्या नोंदी घेणे थांबवेल. मग यंत्रात आठ कोर असोत की शहाण्णव. प्रोग्रामरला फोटो डेटाबेसबाहेर, डिस्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवून नोंदीत फक्त त्यांचा पत्ता ठेवायला सांगितले आहे. काम पोळ्याच्या आत द्यायचे ठरले आहे, म्हणजे दसऱ्याआधी जुन्या डेटावर त्याची चाचणी घेता येईल.